बायकोच्या वेटिंग लिस्टला माझा हातभार

बायकोचं नाव बिझनेस स्कूलच्या वेटिंग लिस्टवर लागलं आणि मी ठरवलं, आता आपणच जरा लक्ष घालायचं. (मी कशात लक्ष घातलं की घरचे हातातलं काम टाकून माझ्यावर लक्ष ठेवतात. एवढं प्रेम कुणाच्या वाट्याला येतं?)

बायकोचा एप्रन शिवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक गाळा, चार मशिनं, त्यांवर बसणाऱ्या चार बायका आणि एक लांबलचक कटिंग टेबल. त्याच टेबलावर कापडाच्या तुकड्यांत पुस्तक उघडं ठेवून तिनं प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला होता. लग्न, मुलं, माझ्या आईचं आजारपण या सगळ्यात राहून गेलेलं शिक्षण. आता धंदा सांभाळून शनिवार-रविवारी शिकायचं. मुलाखत देऊन आली तेव्हा इतकी खुशीत होती, की मी फोडलेल्या कपाबद्दल तिनं चौकशीसुद्धा केली नाही. आणि मग ईमेल आला. नकार नाही, होकारही नाही. थांबा.

"थांबा म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे थांबा. दरम्यान कामात काही नवीन घडलं तर लिहून कळवा म्हणतात. फोन करू नका, भेटायला येऊ नका."

"असं सगळेच लिहितात गं."

"अहो, ठळक अक्षरात लिहिलंय."

"ठळक? मग तर जायलाच हवं!"

हसू नका. मी एका कचेरीत आवक-जावक विभागात आहे. आमच्याकडे कागद स्वतःच्या पायांनी चालत नाही. कागदाचा मालक समोर येऊन बसतो, सुस्कारे सोडतो, पंख्याकडे बघतो. शेवटी आम्हाला त्याचं तोंड बघवेनासं झालं, की आम्ही कागद पुढच्या टेबलावर ढकलतो. जो मालक घरी थांबला, त्याचा कागदही थांबला. हे बिचारीला कसं ठाऊक असणार? ती कामं वेळेवर करते.

तेव्हा शनिवारी ती माल पोचवायला गेल्यावर मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि थेट स्कूल गाठलं.

"आपण?" प्रवेश विभागाच्या मॅडमनी विचारलं.

"एप्रनवाल्या बाईंचा नवरा. वेटिंग लिस्ट."

"भेटायला येऊ नका असं कळवलं होतं आम्ही."

"तिला कळवलं होतं. मला कुठे काय कळवलंत?"

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं. आलाच आहात तर सांगा, त्यांच्या कामात काही नवीन?"

खरं सांगतो, मी नुसते सुस्कारे सोडायला गेलो होतो. पण कुणी समोर बसवून, आस्थेनं मला काही विचारावं, याची कित्येक वर्षांत सवय राहिली नव्हती. तोंडाचा नळ सुटला.

"नवीन म्हणजे काय! मशिनं चाराची बारा झाली. हॉस्पिटलची मोठी ऑर्डर मिळाली. परदेशातूनसुद्धा विचारणा आहे!" (मेव्हणी परदेशात असते. मागच्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, कसं चाललंय म्हणून.)

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी मी तुमच्या कारखान्याच्याच बाजूला येणार आहे. पाच मिनिटं डोकावून जाते."

मला तिथेच पाणी मागावं लागलं.

गाळ्यावर पोचलो. शनिवार म्हणजे शिवणाऱ्या बायकांची सुट्टी. मी कचेरीतल्या दोन जिवलगांना बोलावलं: आमचे हेडक्लार्क, आणि एक सहकारी, ज्यांना आम्ही 'रजासाहेब' म्हणतो. चार मशिनं होतीच. उरलेली आठ मी खोकी रचून, वर चादरी टाकून उभी केली. सर्व्हिसिंगसाठी झाकलीत म्हणायचं!

"अरे, पण मला शिवता येत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"शिवायचं नाही हो साहेब. खाली मान घालून गढल्यासारखं दिसायचं."

"ते येतं."

येत असेलही, पण साहेबांनी उत्साहात पायडल दाबलं. ते मोटारीचं मशीन! घर्रर्र करून त्यानं साहेबांची बाही एप्रनला शिवून टाकली. साहेब दचकून उठले तर एप्रनही उठला. त्यांना सोडवायला धावताना रजासाहेब तोल जाऊन एका झाकलेल्या मशिनावर बसले, आणि मशीन सपाट झालं.

नेमक्या त्याच क्षणी मॅडम दारात. आणि त्यांच्यामागे, रिकामी पोती खांद्यावर घेऊन, माझी बायको.

तिनं साहेबांकडे पाहिलं, रजासाहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायची तिला गरजच वाटली नाही.

"साहेब, हात हलवू नका. रजासाहेब, ती टाके उसवायची कात्री द्या इकडे. आणि अहो, तुम्ही... तुम्ही कशालाही हात लावू नका." दोन मिनिटांत तिनं शर्टाचा एक धागा न दुखावता साहेबांची बाही मोकळी केली. मग मॅडमकडे वळली. "माफ करा. मशिनं चारच आहेत. बाकीची यांच्या मनातली."

"आणि हॉस्पिटलची ऑर्डर?"

"आली होती. मी नाही म्हणाले."

हे मलाही नवीन होतं. मी मटकन बसलो. (खोक्यावर. म्हणजे आणखी एक मशीन गेलं.)

"का?" मॅडमनी विचारलं.

"मुदतीत झाली नसती. चौघींना रोज उशिरापर्यंत राबवावं लागलं असतं आणि शिलाईही बिघडली असती. आधी माणसं वाढवीन, मग ऑर्डर घेईन, असं सांगितलं. सहा महिन्यांनी या म्हणाले."

"हे आम्हाला कळवलं का नाहीत?"

"ऑर्डर सोडली, यात कळवण्यासारखं काय?" बायकोचा आवाज पहिल्यांदाच जरा ओला झाला. "तुम्ही प्रगती विचारली होती."

मॅडमनी कटिंग टेबलावरचा एक एप्रन उचलून त्याची शिलाई बघितली. "आज लिहून पाठवा," एवढंच म्हणाल्या, आणि जाताना माझ्या खांद्यावरचा दोरा काढून माझ्याच हातात ठेवला.

पुढच्या आठवड्यात प्रवेश मिळाला. बायको ईमेल वाचून हसली, मग रडली, मग चहा ठेवला. मी अर्थातच सगळीकडे सांगत सुटलो, की शेवटी समोर जाऊन बसावंच लागतं. तिनं एकदाही माझं बोलणं खोडून काढलं नाही. मोठ्या मनाची आहे.

परवा पहिल्याच वर्गाला जाऊन आली. प्रत्येकानं आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण मांडायची होती.

"तू काय मांडलंस?"

"तुम्हाला."

"मला? मग काय म्हणाला वर्ग?"

"सगळे एकमतानं म्हणाले, या माणसाला ताबडतोब काढून टाका."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मुळीच नाही. काढणार नाही."

माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांचा संसार, त्या एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर ती माझ्या बाजूनं एकटी उभी राहिली! "खरंच असं म्हणालीस?"

"हो," ती चपला काढत म्हणाली. "जागा रिकामी केली तर भरणार कशी? त्या कामाला दुसऱ्या कुणाचा अर्जच येत नाही."