आधी सही, मग बोला

खिल्लारे साहेबांच्या ऑफिसात शिरलं की माणसाला फक्त 'जय भीम' किंवा 'नमस्कार' एवढंच बोलता येई. पुढचा शब्द निघायच्या आत साहेबांचा हात वर जाई. "थांबा! बोलू नका. आधी सही." मग गोपनीयतेच्या कराराचा कागद पुढे सरके. एकदा खालच्या दुकानातले टेलर धावत आले, साहेबांच्या स्कूटीवर वानर बसलंय हे सांगायला. त्यांची सही होईपर्यंत वानरानं सीट फाडून ठेवली होती.

साहेब पेटंटचे वकील. पुण्यात ड्रोन, सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता असल्या नव्या शोधांचे हक्क ते नोंदवून देत. ते सगळं सोडून वसमतला आले, कारण आपल्या जिल्ह्यातल्या डोक्यातून निघालेलं एक तरी पेटंट आपल्या हातून व्हावं, एवढीच इच्छा. लोक मात्र येत ते फेरफाराची नक्कल कुठं मिळते, हे विचारायला.

मी त्याच इमारतीत भाड्यानं राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. नोकरीच्या मुलाखतीची माझी तयारी साहेबांनी करून घेतली, अर्थात आधी सही घेऊन. ते उपकार विसरण्यासारखे नाहीत.

"शोध सांगितला की मेला," असं ते म्हणत. अर्ज जाण्याआधी शोध चारचौघांत उघड झाला तर तो नवा राहत नाही, आणि नवा नसेल तर पेटंट नाही. आमच्याकडे तर बैल घेतला तरी आधी गावभर फिरवून दाखवतात! हट्टा गावच्या एकानं हळद शिजवायची भट्टी सुधारली, ती साहेबांच्या आधी अख्ख्या बाजाराला तोंडपाठ होती.

हळूहळू लोकांनी साहेबांना काही सांगणंच सोडलं. टेलरच्या मुलीचं लग्न झालेलं त्यांना मांडव निघाल्यावर कळलं.

मग किसन राठोड आला. तांड्यावरचा, आयटीआय केलेला. पट्ट्यावरून जाणारी हळकुंडं कॅमेऱ्यानं पाहून किडकी तेवढी बाजूला पाडणारं यंत्र त्यानं बनवलं होतं. साहेबांचा चेहराच पालटला.

"घरी सांगितलंस?"

"आईला बी न्हाई, साहेब."

कित्येक महिने साहेब तो अर्ज लिहीत होते. मंगळवारी तो जाणार होता.

सोमवारी दुपारी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ आला. मांडव, यंत्राला हार, किसनची आई ओवाळतेय, आणि किसन माइकवरून कॅमेरा किडकं हळकुंड कसं ओळखतो ते तांड्याला समजावून सांगतोय. मी वर धावलो. साहेबांच्या मोबाइलवरही तोच व्हिडिओ चालू होता.

संध्याकाळी किसन प्रसाद घेऊन आला.

"अरे, हे काहून केलंस?" मी म्हणालो.

"सर, नारळ फोडल्याबिगर एवढा मोठा अर्ज कसा धाडावा? त्याला यश यावं म्हणूनच तर केलं! मंग समदे इचारून राहिले, हे यंत्र करते काय. सांगावंच लागलं."

मी साहेबांकडे पाहिलं.

"यंत्र चाललं का बराबर?" त्यांनी विचारलं.

"एकदम बराबर! आई तर रडूनच राहिली होती."

साहेबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "झकास."

किसन गेल्यावर मी विचारलं, "त्याला सांगितलं नाहीत?"

"उद्या सांगतो. आज त्याच्या आईला खुशीत राहू द्या."

त्यांनी लॅपटॉप मिटला. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि सवयीनं आधी पेन उचललं. साहेबांनी समोरचा कागद काढून घेतला.

"राहू द्या. बसा. काहीबी सांगा."

"काय सांगू?"

"काहीबी. मला इथं कोणी काही सांगतच न्हाई."

आज घरी अंबाडीची भाजी केलीय, असं म्हणालो.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग?"