रामोजीरावांची हाक

अनय, रेवा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्याकडे कोण ओरडतंय?" उत्तर देण्याआधीच लाइन तुटली, म्हणून लिहिते. ओरडतात ते शेजारचे रामोजीराव. ते इंग्रजी शिकवतात.

रामोजीराव तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त. नोकरीसाठी महाराष्ट्रातून चेन्नईला आलेली मुलं त्यांच्याकडे येतात. तमिळ येत नाही, मग इंग्रजीवाचून इथे पान हलत नाही. त्यांच्याकडे फळा नाही. "आधी जागा, मग भाषा!" 'ऑन' शिकायचं तर झोपाळ्यावर बसायचं, 'अ‍ॅट'साठी फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. टाय बांधलेला एक पुण्याचा इंजिनिअर जेवणाच्या टेबलाखालून "आय अ‍ॅम अंडर द टेबल!" असं ओरडताना मी स्वतः पाहिला आहे.

पण खरा धडा त्यांच्या पत्नीवर, जयाबाईंवर. "व्हेअर इज जया?" असं ते मुलांना विचारायचे. मुलं तोंड उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "इन द किचन! अजून ओरडलात तर कॉफी ऑन युवर हेड!"

"शाब्बास! दोन्ही बरोबर!" रामोजीराव खूश.

गेल्या डिसेंबरात, इथल्या संगीतसभांमधून गाणं रंगात आलेलं असताना, जयाबाई वारल्या. रामोजीरावांनी वर्ग बंद केला. मी रसम घेऊन गेले की दाराआडूनच म्हणत, "वेंडाम अम्मा, नको, भूक नाही."

एका संध्याकाळी मी अशीच रसम घेऊन उभी होते, तेवढ्यात कोल्हापूरची सुनीता आली. त्यांचीच विद्यार्थिनी. गिंडीतल्या एका कारखान्यात पाहुण्यांना वाट दाखवायची नोकरी होती, तिची मुलाखत जवळ आली होती.

"वर्ग बंद आहे, पोरी."

"असू दे की, सर. मी कॉफी टाकते." चपला काढून ती थेट आत गेली. आणि आतूनच तिने हाक मारली, "सर, व्हेअर इज सुनीता?"

रामोजीराव झोपाळ्याची कडी धरून उभे राहिले. मला वाटलं, आता चिडणार. पण अगदी हळू म्हणाले, "इन द किचन." मग जरा मोठ्याने, "साखर कमी घाल. जया फार घालायची."

सुनीताला नोकरी लागली. तरी गिंडीहून परतताना ती येतेच. वर्गातल्या एकाने रोज स्वयंपाकघरात थांबायचं, असा आता नियमच आहे. परवा तुमचा फोन आला तेव्हा पाळी त्या टायवाल्याची होती.

जयाबाई नाहीत. वर्ग भरतो. रामोजीरावांनी हाक मारली की आतून उत्तर येतं.