बाईसाहेबांच्या खांद्यावरचे टाके

दुकानातल्या टीव्हीवर बांधकाममंत्री सात वर्षं रखडलेल्या पुलाचा खुलासा करत होते आणि शिंपीणबाईंच्या ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून खाली पडत होत्या. मंत्र्यांच्या शेजारी त्यांची बायको उभी होती. अंगात निळा कोट. कोट शिंपीणबाईंनीच शिवलेला, आणि दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे हे एवढाले कच्चे टाके! फिटिंग झालं की काढून टाकायचे ते.

"अहो! बाईसाहेबांच्या ड्रायव्हरला कोट कुणी दिला?"

"मीच की," नवरा इस्त्री फिरवत म्हणाला. "तयार कपडे उजव्या खुंटीला, फिटिंगचे डाव्या, तूच सांगतेस ना? म्हटलं, बाबा, उजवीकडचा घे."

"आणि तो कुठे होता?"

"माझ्यासमोर. दारात." नवऱ्याने आपला उजवा हात उचलला, दाराकडे पाहिलं आणि हात तसाच हवेत राहिला. उजव्या खुंटीला बाईसाहेबांचा तयार राखाडी कोट निवांत लटकत होता.

टीव्हीवर एक जाणकार सांगू लागले, "अर्धवट पुलासाठी अर्धवट कोट! हा पत्नीचा जाहीर निषेध आहे." दुसरे उसळले, "छे! ही नम्र कबुली आहे." तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक होतं. "काय हो, टाके काढायचे राहिले वाटतं?"

शिंपीणबाई मटकन स्टुलावर बसल्या. दारावर बावीस वर्षं पाटी होती, 'आमचा टाका दिसत नाही.' आता तो अख्ख्या देशाला दिसत होता. संध्याकाळी मंत्र्यांच्या सभेत पुन्हा दिसला, तर पाटी उतरवून घरी बसायचं. त्या उठल्या, कात्री पिशवीत टाकली आणि थेट मंत्र्यांचा बंगला गाठला.

दारातच पहारेकऱ्याने कात्री काढून घेतली. आत सचिव आडवे आले. "टाक्यांना हात लावायचा नाही! साहेबांचं अख्खं भाषण त्यावर बेतलंय."

"अहो, पण ती माझी चूक आहे!"

"होती. आता ती पक्षाची भूमिका आहे."

मंत्र्यांची बायको तोच कोट घालून आतल्या खोलीत आरशासमोर बसली होती. टाके कशाचे ते ऐकल्यावर तिचा चेहराच उतरला. "अगं बाई! मला वाटलं, नक्षी आहे. तुम्ही शिवलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून घातला."

हे ऐकून शिंपीणबाईंना अधिकच रडू आलं. "साहेबांच्या तरी लक्षात यायचं होतं."

"त्यांच्या? मी काय घातलंय ते त्यांना टीव्हीवरून कळतं." तिने खांदा पुढे केला. "काढा."

"कात्री दारात ठेवून घेतली हो."

"दात आहेत ना?"

संध्याकाळी सभा तुडुंब भरली. मंत्री गहिवरून म्हणाले, "माझ्या पत्नीच्या खांद्यावरचे हे टाके बघा!" कॅमेरे खांद्यावर गेले. खांदा स्वच्छ, घोटीव, नुसता निळा. मंत्र्यांचा हात हवेत तसाच राहिला. सचिवांनी कागद चाळायला घेतले.

बायकोने शांतपणे माईक ओढून घेतला. "टाके निघाले. आमच्या शिंपीणबाईंनी काम पुरं केलं. नऊ दिवसांत." एवढं बोलून तिने माईक नवऱ्याच्या हातात परत दिला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. सगळी सभाच बघत राहिली.

मंत्र्यांनी घाम पुसला. "पूल... सहा महिन्यांत!" ते म्हणाले, आणि सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाईंनी ओला फडका घेऊन पाटी लखलखीत पुसली. नवरा इस्त्री फिरवत म्हणाला, "म्हणजे बघ, पूल होणार तो माझ्यामुळे."

"होईल हो," शिंपीणबाई म्हणाल्या. "फक्त तो कुठल्या बाजूला बांधायचा, ते तुम्हाला विचारू नये म्हणजे झालं."