मारेगावचे चार कांदे

चार कांदे पिशवीत ठेवायचे की खिशात, एवढाच प्रश्न होता. मी खिशात ठेवले. पुढे जे झालं त्याला राजस्थान जबाबदार नाही आणि उंट तर मुळीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. (याबाबत आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. मी सोडून.)

मी मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर काटाबाबू आहे. भरलेली गाडी काट्यावर आली की वजन लिहायचं, रिकामी झाली की पुन्हा लिहायचं, एवढंच माझं काम. पण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत केंद्राबाहेर गाड्यांची अशी रांग लागायची, की रजा हा शब्द काढला तरी साहेब चष्म्यावरून बघायचे.

त्यामुळे रत्नप्रभाचा उंट राहून गेला होता.

रत्नप्रभा माझी बायको. आमच्या लग्नाच्या वर्षी बियाण्याच्या दुकानदाराने एक कॅलेंडर दिलं होतं. त्याच्या मे महिन्यात पिवळाधमक किल्ला, पुढे उंट आणि उंटावर लाल साडीतली बाई होती. वर्ष संपल्यावर रत्नप्रभाने तो मे महिना कापला आणि लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी त्या वेळी नवीन नवरा होतो. नवीन नवरा जे बोलू नये ते बोलतो. मी म्हणालो, "कापूस संपला की जाऊ. तुझा असाच फोटो काढू." तेव्हापासून बावीस वर्षं, साडी काढायला कपाट उघडलं की तिला उंट दिसायचा, आणि तिच्यामागे उभा असलो तर मलाही.

दोन हजार सहा साली कापसाचं सगळंच फिसकटलं. भाव पडलेला, कास्तकार हिरमुसलेले, आणि आमच्या केंद्राबाहेर रांग सोडा, काट्यावर एक कुत्रा झोपलेला असायचा. मे महिन्यात साहेबांनी स्वतःहून विचारलं, "रजा पाहिजे का?" गावात कोणाच्या तोंडावर हसू नसताना आपण फिरायला जायचं याची मला लाज वाटत होती, खरोखर वाटत होती. तसं मी घरी बोललो.

"मागच्या साली कापूस लय होता म्हणून नाही," रत्नप्रभा म्हणाली, "यंदा कापूस नाही म्हणून नाही. मंग काय उंट मेल्यावर न्याल मले?"

आम्ही जैसलमेरला निघालो.

निघताना माझ्या आईने, मथुराबाईने, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातावर चार कांदे ठेवले. आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडणाऱ्याच्या खिशात कांदा असतो. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असं आईचं म्हणणं.

"दोन डाव्या खिशात, दोन उजव्या खिशात," आई म्हणाली. "घरी येईपर्यंत काढजो नोको. माही शपथ हाय तुले."

रत्नप्रभाचा या उपायावर काडीचा विश्वास नव्हता. "ते कांदे घेतले नाही ना?" तिने दारात विचारलं. मी "छे" म्हणालो. (माझं आयुष्य असं दोन बायकांना एकाच वेळी खरं सांगता न आल्यामुळे बिघडत गेलं आहे.)

नागपूरहून पुढे गाडीत आम्हाला चारुदत्त गुरुजी भेटले. निवृत्त चित्रकला शिक्षक, एकटेच जैसलमेरला निघालेले. डोक्यावर टोपी, हातात छत्री, गळ्यात कॅमेरा. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. रत्नप्रभाने वर्धा येण्याच्या आत त्यांना चिवडा दिला, आणि बडनेरा येण्याच्या आत उंटावरच्या फोटोचं कबूल करून घेतलं.

"पण मे महिन्यात राजस्थान म्हणजे ऊन फार हो," गुरुजी म्हणाले. "तुम्ही टोपी नाही आणली?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"ऊन? आम्हाला?" मी म्हणालो. "गुरुजी, तुमचं नागपूरचं ऊन म्हणजे सावली. एप्रिलमध्ये आमच्या काट्यावर येऊन उभे राहा. मी बावीस वर्षं बिनटोपीचा उभा आहे. आमच्या अंगाला ऊन लागतच नाही."

नागपूरच्या माणसाला काहीही म्हणा, पण त्याच्या उन्हाला सावली म्हणू नका. गुरुजींनी जोधपूर येईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं.

"अजी, कांद्याचा वास येऊन राह्यला," मधेच रत्नप्रभा म्हणाली.

"कोणाचा तरी डबा असेल," मी म्हणालो आणि दोन्ही मांड्या आवळून बसलो.

जैसलमेर अगदी कॅलेंडरसारखं निघालं. लांबून किल्ला दिसला तेव्हा रत्नप्रभा काही बोलली नाही, नुसती माझी बाही धरून उभी राहिली. बावीस वर्षांत ही बाई पहिल्यांदा गप्प बसली आणि मला फार अपराधी वाटलं. मी मनाशी पक्कं ठरवलं, जीव गेला तरी हिचा फोटो झालाच पाहिजे.

सकाळी किल्ला पाहिला, राजवाडा पाहिला, हवेल्या पाहिल्या. घोटाळा तिथेच झाला. गुरुजी चित्रकलेचे, आणि त्या हवेल्यांचे झरोके असे कोरलेले की गुरुजी प्रत्येक झरोक्यापुढे "अहाहा" म्हणायचे आणि एक फोटो काढायचे. आम्ही उंटांजवळ पोहोचलो तेव्हा छत्तीसच्या रोलमधले तीन फोटो उरले होते. गुरुजींचा दुसरा रोल धर्मशाळेत होता आणि आमची परतीची गाडी दुपारची होती.

"तीन पुरते," रत्नप्रभा म्हणाली. ती लाल साडी नेसून आली होती.

किल्ल्याच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावर मोकळ्या मैदानात गुलाबसिंग नावाचा उंटवाला होता. त्याच्या उंटाचं नाव बादल. (वर ढगाचा पत्ता नाही आणि खाली उंटाचं नाव बादल!) रत्नप्रभा चढली. उंट आधी मागून उठला, तेव्हा ती जवळजवळ माझ्या अंगावर आली. मग पुढून उठला आणि ती आकाशात गेली. पण चेहऱ्यावर भीती म्हणून नव्हती. पदर नीट केला आणि वरून हुकूम सोडला, "तुमी उंटाच्या बाजूले उभे राहा. हसा."

मी हसलो. गुरुजींनी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी बादलने मान वळवून माझ्या डाव्या खिशात तोंड घातलं.

"साब, इसको आप पसंद आ गए," गुलाबसिंग म्हणाला.

"एक गेला," गुरुजी म्हणाले.

मी उंटाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. बादलही वळला. मी पुढे गेलो, तोही पुढे आला. मी मागे गेलो तेव्हा त्याने जागच्या जागी अशी गिरकी घेतली की फोटोत किल्ल्याऐवजी मुतारीची भिंत आली.

"दोन गेले," गुरुजी म्हणाले. "अहो, स्थिर उभे राहा ना! काट्यावर कसे उभे राहता?"

बादलचं ओलं नाक एव्हाना माझ्या उजव्या खिशाला लागलं होतं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण करू काय? कांदे बाहेर काढावेत तर आईची शपथ मोडते, बायकोशी बोललेलं खोटं उघडं पडतं, आणि ज्याला ऊन लागत नाही त्या माणसाचं नागपूरकरासमोर नाक कापलं जातं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्यों भाई, ये ऊंट खाता क्या है?"

"सब खावै, साब," गुलाबसिंग म्हणाला. "पण कांदो मिल जावै तो बावळो हो जावै!"

राजस्थानातही कांद्याला कांदाच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. रत्नप्रभालाही वरून कळलं.

"अजी," ती शांतपणे म्हणाली, "खिसे उलटे करा."

भर मैदानात, बायको उंटावर आणि मी खाली, अशा अवस्थेत मी खिसे उलटे केले. चारही कांदे हातात आले. गुरुजींनी छत्री मिटली, टोपी काढली आणि मनसोक्त हसून घेतलं.

"काय म्हणता? ऊन लागत नाही ना तुमच्या अंगाला?"

मला असा संताप आला की मी त्यातला एक कांदा लांब भिरकावला. एवढ्या रागात आपण कांदा कोणासमोर फेकतो आहोत, हा विचार काही सुचला नाही. बादलने दोरीला हिसका दिला, ती गुलाबसिंगच्या हातातून सुटली आणि उंट कांद्यामागे धावला. वर रत्नप्रभा!

"अरे रोको! मेरी औरत है!" मी ओरडत पळत सुटलो. माझी एक चप्पल तिथेच राहिली. बावीस वर्षं थांबवून शेवटी हिला उंटावरून पाडायला आणलं का मी?

बादलने कांदा गाठला, खाल्ला आणि थांबला. मी धापा टाकत पोहोचलो. रत्नप्रभाचा अंबाडा सुटलेला, गाल लाल झालेले.

"लागलं तर नाही ना तुला?" मी विचारलं.

"अजी," ती म्हणाली, "अजून किती हायेत?"

"तीन."

"मंग उभे काहून राह्यले? पळा!"

आणि मी पळालो. डोक्याला रुमाल बांधला, एक हात वर, हातात कांदा, पुढे मी, मागे उंट, उंटावर हसणारी रत्नप्रभा, आणि सगळ्यांच्या मागे गुलाबसिंग. अशा आम्ही तीन फेऱ्या मारल्या, दर फेरीला एक कांदा. तिसऱ्या फेरीला गुरुजी ओरडले, "तीन!" आणि रोल संपला.

शेवटचा कांदा बादलच्या पोटात गेल्यावर पंधराव्या मिनिटाला मला ऊन लागलं. चांगलं कडकडून लागलं. परतीच्या प्रवासात मी जोधपूरपर्यंत गुरुजींची टोपी घालून, गुरुजींच्या छत्रीखाली, ग्लुकोजचं पाणी पीत आडवा होतो. "मारेगावचे आहेत," गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम सांगत होते. घरी आल्यावर आईने माझे रिकामे खिसे चाचपले आणि रत्नप्रभाकडे बघून एवढंच म्हणाली, "सांगतलं होतं म्या."

महिन्याभराने गुरुजींनी फोटो पाठवला. काय फोटो होता! मागे पिवळाधमक किल्ला, उंटाचे चारही पाय हवेत, आणि लाल पदर उडवत बसलेली रत्नप्रभा. कॅलेंडरातली बाई हिच्यापुढे काहीच नाही. खालच्या कोपऱ्यात डोक्याला फडकं बांधलेला, एका पायात चप्पल असलेला, तोंड वासलेला एक माणूस कांदा धरून पळताना दिसतो. रत्नप्रभाने फोटो मोठा करून बैठकीत लावला आणि कपाटातला मे महिना काढून टाकला.

परवा मोठ्या वावराचा देवराव आला होता. यंदा कापूस लावावा की सोयाबीन, हे विचारायला तो दर वर्षी येतो आणि न ऐकता कापूस लावतो. चहा येईपर्यंत तो फोटोपुढे उभा राहिला.

"वयनीबाई झकास दिसून राह्यल्या," तो म्हणाला. मग बोट खाली नेलं. "अन् हा कोण होय?"

मी तोंड उघडलं, पण रत्नप्रभा आधी बोलली.

"उंटवाला."

देवराव फोटोजवळ वाकून बराच वेळ बघत राहिला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"तिकडं तं कापूस होत नाही म्हणते," तो म्हणाला. "मंग याचे एवढे हाल काहून?"

"त्यानं बायकोले बावीस वर्सं थांबवलं होतं, देवरावभाऊ."

देवरावने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बशीत चहा ओतला.

"मंग सस्त्यात सुटला म्हणा," तो म्हणाला.