पाणी नंतर, पावती आधी

त्या दिवशी माझी बायको कौसा अन् मी ओसरीवर तुरीच्या मूठभर शेंगा सोलत बसलोतो. आमचं दोघांचं ते शेवटचंच काम. तेवढ्यात उद्धव सर आले. कौसानं पाण्याचा तांब्या पुढं केला. सरांनी हात जोडले. "पाणी नंतर, कौसाबाई. पावती आधी."

सर आमच्याच गावचे. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झाले अन् गावात येऊन एकटेच राह्यले. त्यांच्या विभागाला मोठी दुर्बीण मिळालेली, पण ठेवायला जागा न्हाई. म्हणून सर देणगी मागत दारोदार फिरायचे. दुर्बिणीच्या खोलीच्या भिंती उभ्या झाल्या, वरचा घुमट तेवढा बाकी राह्यला. तो न्हाई झाला तर दुर्बीण दुसरीकडं जाणार, ह्याचा त्यांना लई घोर.

मागायची तऱ्हा मात्र उफराटी. देणगी मिळाल्याबिगर त्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. टँकरमागं पळून आणलेलं पाणी आपण पुढं करावं अन् पाव्हण्यानं ते नाकारावं, म्हंजी नाकच कापल्यावाणी. माणूस चिडून खिशात हात घालायचा. दूध सोसायटीच्या चेअरमननं भर सभेत दिलेली पाण्याची बाटली ह्यांनी तशीच परत टेकवली. चेअरमन लालबुंद. घुमटाच्या पत्र्याचा पैसा तिथंच निघाला.

मी एकदा म्हणलं, "सर, आभाळात ढगाचा ठिपका न्हाई. दुर्बिणीतून बघायचं काय?"

"ढग नाहीत म्हणूनच तर दिसतं, तात्या!"

दुष्काळात खूष झालेला एवढा एकच इसम मी बघितला.

तर त्या दिवशी कौसा बी हट्टाला पेटली. "शेळी गाभण हाय. व्याली की करडू तुमच्या दुर्बिणीला. आता प्या पाणी."

"करडू आलं की पिईन."

"मग ऱ्हावा तसंच कोरडं!" म्हणत ती पोट धरून हसली.

आठवडा झाला न्हाई तर कौसाच गेली.

लोकं भेटायला यायची. सुतकाच्या घरचं पाणी कुणी घेत नसतं. बसायची, माना हलवायची, जायची. तिनं भरलेला माठ तसाच. मी भिंतीला टेकून तसाच.

मग सर आले. हातात पावतीपुस्तक नव्हतं. टेकले अन् म्हणले, "तात्या, पाणी द्या."

"सुतक हाय, सर. अन् शेळी अजून व्याली न्हाई."

"माहीत आहे. द्या."

उठलो. कौसा तांब्या कुठं ठेवते तेबी मला ठाव नव्हतं. हुडकला, भरला. सर गटागटा प्याले अन् आणखी मागितलं. पुन्हा उठलो.

"माझी बायको गेली तेव्हा कुणी पाणी मागितलं नाही," सर तांब्याकडं बघत म्हणले. "उठायला काही कारणच नव्हतं."

त्याच सांजेला शेळी व्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करडू काखेत मारून सरांचं घर गाठलं. शेळी ओरडत मागं आलीच. सर लगबगीनं पावतीपुस्तक काढायला लागले.

"थांबा," म्हणलं अन् उंबऱ्यावर बूड टेकलं. "पाणी आधी, सर. पावती नंतर."