या रविवारी नको पुढच्या रविवारी

"हॉटेल मी निवडतो. तू फक्त ये!" वेलांटीसाहेबांनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यात मी. एक बिनचूक हॉटेल शोधायला किती वेळ लागणार?"

वेलांटीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात ते मुद्रितशोधक होते, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी भल्याभल्यांना असं रडवलं होतं की निरोप समारंभातही सगळ्यांनी त्यांना याच नावाने हाक मारली. निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी बायको गेली. तेव्हापासून घरात चुका करणारं कोणी उरलं नव्हतं. साहेब सकाळी वर्तमानपत्र लाल पेनाने तपासत, दुपारी एका माणसाचा भात लावत आणि संध्याकाळी खिडकीत बसून समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा चुकीचा अनुस्वार बघत. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पाच महिन्यांत आली नव्हती. आता म्हणाली होती, "बाबा, बाहेर जेवू. व्हिएतनामी खायचंय." कुठला रविवार, ते मात्र राहून गेलं.

म्हणून साहेबांनी मेसेज केला, "या रविवारी की पुढच्या?"

उत्तर आलं, "या रविवारी नको पुढच्या रविवारी".

लेकीला लहानपणापासून विरामचिन्हांचं वावडं. साहेब हसले. जन्मभर जगाच्या वाक्यांत स्वल्पविराम लावले, तिथे लेकीच्या वाक्यात एक लावायला कितीसे कष्ट! त्यांनी तो मनातल्या मनात लावून टाकला: या रविवारी, नको पुढच्या रविवारी. पोरीला धीर धरवत नव्हता तर! साहेबांनी कॅलेंडरवर या रविवाराभोवती लाल गोल काढला आणि कामाला लागले.

त्यांचं उपनगर इतकं शांत होतं की कोणी शिंकलं तर चार घरांतून "जपा हो" ऐकू यायचं. पण व्हिएतनामी हॉटेलं म्हणाल तर दोन, तीही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना! साहेबांनी आधी वाचनालयापाशी असलेलं हॉटेल गाठलं. तीन दुपारी तिथे जेवले. सूप उत्तम, टेबलं लखलखीत, आणि मेनूकार्डात एकही चूक नाही! साहेबांनी ते तीन वेळा वाचलं. मालक गल्ल्यावर खाली मान घालून बसलेला. ना तो बोलला, ना साहेब. बोलायला काही निमित्तच नव्हतं. तीन जेवणं झाली आणि "पाणी" सोडून एक शब्द तोंडातून निघाला नाही. एवढं तर घरीही होत होतंच की!

चौथ्या दिवशी ते लाँड्रीशेजारच्या दुसऱ्या हॉटेलात गेले. कार्ड उघडलं मात्र, साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. 'गरम रस्त्यात नूडल्स.' 'वरून लिंबू पळून देऊ.' 'भावाचे रोल.' त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

गल्ल्यामागून मालकीणबाईंनी काय पाहिलं? एक म्हातारा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात लाल पेन, आणि कार्डावर फुल्याच फुल्या! त्यांनी ठरवूनच टाकलं, आरोग्य खात्याचा माणूस!

"साहेब, काही चुकलं का?" त्या धावत आल्या.

"बावीस ठिकाणी," साहेब आनंदाने म्हणाले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना चुका विचारत होतं. "पण आधी रस्ता नीट करा, बाई. हा असा रस्ता लोकांसमोर ठेवता? हसतील लोक!"

"आजच करते, साहेब."

"आणि इथे भावाचं काय काम? भात पाहिजे, भात! भाव काढून टाका."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "हे तुम्हाला माझ्या भावाने सांगितलं ना?"

"भावाने कशाला सांगायला हवं?" साहेब म्हणाले. "कोणाच्याही लक्षात येईल!"

बाई ते कार्ड उचलून आत गेल्या. साहेबांना वाटलं, किती शिकायची वृत्ती आहे या बाईंची. ठरलं, हेच हॉटेल! चुकांचं पोतं असेल, पण इथे माणूस माणसाशी बोलतो. त्यांनी रविवारी साडेबारासाठी दोघांचं टेबल सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते सहज तिकडून गेले, तर हॉटेलसमोरचा रस्ता साबणाने धुतलेला! कडेला दोन कुंड्यासुद्धा. साहेबांना वाटलं, काय ही टापटीप! लेक खूश होणार.

रविवारी साहेब बारालाच हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, खिशात लाल पेन, सवय म्हणून. खिडकीजवळच्या टेबलावर नवं कापड होतं. साडेबारा वाजले. एक वाजला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळून त्यांनी मिठाच्या बाटलीवरचा मजकूर दोनदा वाचला. त्यात चूक नव्हती.

सव्वा वाजता दार धाडकन उघडलं आणि वाचनालयापाशी असलेल्या हॉटेलचा मालक आत शिरला. हातात लाल फुल्यांचं कार्ड.

"ताई! हे कार्ड मला पाठवायचं कारण? सहा वर्षं बोलत नाहीस ते ठीक. पण रोलवरचं माझं नाव खोडायला माणूस लावलास?"

"मी लावला?" मालकीणबाई खिडकीजवळच्या साहेबांकडे बोट करून कडाडल्या. "तूच धाडलास त्याला! सहा वर्षं तुझे रोल तुझ्या नावाने विकतेय मी. तेवढंही बघवलं नाही तुला?"

"मी कशाला धाडू? हा माझ्याकडे तीन दिवस मुक्यासारखा बसून गेला!"

दोघंही एकदम टेबलाकडे वळले. "तुम्ही आहात तरी कोण?"

साहेब उभे राहिले. "मुद्रितशोधक. निवृत्त."

"म्हणजे आरोग्य खातं नाही?"

"आरोग्य बरं आहे माझं."

"मग रस्ता का धुवायला लावलात?"

"रस्ता? अहो, रस्सा! गरम रस्स्यात नूडल्स! तुम्ही 'स्स'च्या जागी 'स्त' छापलंय."

"आणि माझे भावाचे रोल?"

"ते... भाताचे नाहीत?"

"भावाचे आहेत!" बाई भावाकडे वळल्या. "याने शोधलेले. दोघांचं एकच हॉटेल होतं तेव्हा."

चाळीस वर्षांत साहेबांनी बरोबर शब्द खोडल्याची ही पहिली वेळ होती. त्यांनी लाल पेन खिशात आणखी खोल ढकललं. भाऊ जरा नरमला. बहिणीने आपलं नाव सहा वर्षं जपलं होतं, हे त्याला आजच कळत होतं.

"तुमच्याबरोबर कोण येणार होतं, काका?" त्याने विचारलं.

"लेक. हा बघा तिचा मेसेज."

भावाने फोन घेऊन मोठ्याने वाचलं, "या रविवारी नको, पुढच्या रविवारी." बाईंनी चष्मा लावून वाचलं, तर त्यांचाही स्वल्पविराम तिथेच पडला. साहेबांनी फोन परत घेतला आणि पुन्हा वाचलं. खरंच, कुठल्याही शहाण्या माणसाने तो तिथेच लावला असता. पाच महिने वाट बघणाऱ्यालाच तो दुसरीकडे दिसला. भरल्या हॉटेलात त्यांना इतकं एकटं वाटलं की घरीही कधी वाटलं नव्हतं.

"निघतो मी," ते म्हणाले.

"बसा!" बहीण-भाऊ एकाच दमात ओरडले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून ओशाळं हसले. भाऊ बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळात रोल आले, वाफाळता रस्सा आला, आणि दोघं दोन बाजूंना खुर्च्या ओढून बसले. "चूक काढा बघू आता!" भाऊ म्हणाला. साहेबांना काढता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा मेसेज: "बाबा जेवलात का एकटेच असाल ना घरी".

साहेबांची बोटं चटणीने माखलेली. बाई ताटात आणखी एक रोल टाकत होत्या. घाईघाईत त्यांनी करंगळीने टाइप केलं, "एकटा नाही जेवतोय", आणि फोन पालथा ठेवला.

पाऊण तासाने दार पुन्हा धाडकन उघडलं. दारात लेक! केस पिंजारलेले, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"बाबा! घरी कुलूप, फोन उचलत नाही! शेजारच्या काकूंनी सांगितलं इथे आहात म्हणून. एकटा, नाही जेवतोय, म्हणजे काय? उपास करणार आहात का?"

बाबांच्या तोंडात चौथा रोल होता. दोन बाजूंना दोन माणसं बसून त्यांना वाढत होती. लेकीने टेबलाकडे पाहिलं, मेसेज पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही? तुम्ही स्वल्पविराम विसरलात?"

"चटणी," साहेब कसेबसे म्हणाले. चटणी खरीच होती. पण विसरले की गिळला, हे त्यांनी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

लेक पोटभर जेवली, पोटभर हसली. भावाचे तीन रोल बांधूनसुद्धा घेतले. साहेब तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. एवढा चांगला रविवार त्यांच्या वाट्याला कितीतरी दिवसांत आला नव्हता, आणि पुढचा तर अजून यायचाच होता!

बस आली. चढताचढता लेक म्हणाली, "बरं झालं, आजच भेट झाली बाबा. आता पुढच्या रविवारी नाही येत मी."

साहेब धुतलेल्या रस्त्यावरून एकटेच घरी निघाले. वाटेत त्यांनी त्या वाक्यात स्वल्पविराम 'आता'नंतर लावून पाहिला, 'रविवारी'नंतर लावून पाहिला, अगदी 'नाही'नंतरही लावून पाहिला. कुठेही लावला तरी अर्थ तोच निघत होता.