फक्त एक कार्ड!

शेवटी ताईचा कॉम्प्युटर वाऱ्यासारखा धावला आणि तिचा आराखडा वेळेत पोहोचला! पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्या दुपारी ताईचा कॉम्प्युटर धावणं सोडाच, धड रांगतही नव्हता.

ताई आर्किटेक्ट. संध्याकाळी सहाच्या आत एका वाचनालयाचा आराखडा स्पर्धेला पाठवायचा होता. आणि त्यातली एक खिडकी जरा डावीकडे सरकवली, की कॉम्प्युटर स्थळ बघायला आल्यासारखा गप्प बसून राहायचा.

"नवाच घेऊन टाक," बाबा म्हणाले.

"बाबा, नवा घेतात ते भोळे," ताईचा धाकटा भाऊ उसळला. "सुटे भाग आणून जोडत बसतात ते रिकामटेकडे. शहाणी माणसं फक्त एक ग्राफिक्स कार्ड बदलतात! अर्ध्या तासाचं काम!"

कार्ड आलं. झकास होतं! फक्त कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावेना.

"माप घेतलं होतंस?" ताईने विचारलं.

"डोळ्यांनी घेतलं होतं. कार्ड लांब नाहीये गं, कॅबिनेट आखूड आहे!"

मोठं कॅबिनेट आलं. कपाटाचा धाकटा भाऊ शोभेल एवढं! ते टेबलावर मावेना. पण तळमजल्यावरच्या सुतारकाकांकडे एक भलंमोठं टेबल तयारच होतं. धाकट्याच्या अंगात आता वारं शिरलं होतं. त्याने सगळं तिथेच जोडलं, वर स्क्रीन बसवला आणि म्हणाला, "काका, नेताना हलायला नको. सगळं टेबलाला ठोकून टाका!"

काकांनी असे स्क्रू मारले, की भूकंपात इमारत पडली असती, पण कॉम्प्युटर हलला नसता.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या घरी न्यायला चौघांनी टेबल उचललं. पहिला मजला पार! आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं. वर जाईना, खाली येईना.

"काका, स्क्रू काढा!"

"आता टेबल फोडलं तरच निघतील," काका अभिमानाने म्हणाले.

सहाला जेमतेम पाऊण तास उरला होता. ताईने घरातून वायर ओढली, पायरीवर बैठक मारली आणि बटण दाबलं. काय सुटला तो कॉम्प्युटर! खिडक्या सरकल्या, भिंती उठल्या, छप्पर बसलं! बाबा कठड्याला धरून "वा! वा!" करत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन टेबलाखालून रांगत वर निघाल्या. अर्ध्यात थांबून त्यांनी मान बाहेर काढली.

"वाचनालयाचा जिना तेवढा रुंद ठेव गं बाई!"

ताईने ठेवला. आराखडा गेला. लगेच धाकट्याने कीबोर्डचा ताबा घेतला आणि इमारतीच्या सचिवांना अर्ज लिहिला:

"तरी पहिल्या व दुसऱ्या मजल्यामधील जिना ताईंचे कार्यालय म्हणून घोषित करण्यात यावा. रहिवाशांनी कामाच्या वेळेत लिफ्टचा वापर करावा. इमारतीस लिफ्ट नसल्यामुळे ती आज रात्रीपर्यंत बसवून मिळावी, ही नम्र विनंती."